मालनबाईंनी बसवलेलं दार

शिंगणापुरात देवळाकडून घोडेगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला मालनबाईंचं घर येतं. पुढं पत्र्याची पडवी, मधे फरशीचं अंगण आणि अंगणाच्या दोन्ही अंगांना भाड्यानं द्यायच्या खोल्या. शनिवारी आणि अमावास्येला लांबून आलेली कुटुंबं तिथं उतरायची. एरवी महिन्यावर राहणारे दोघं-चौघं असायचे, कुणी शाळेवरचा मास्तर, कुणी साखर कारखान्यात नव्यानं लागलेला पोरगा. सगळ्यांना दोन्ही वेळचं जेवण मालनबाईंच्या हातचं. बाजरीची भाकरी, मठाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, आणि कुणी आजारी असलं तर हुलग्याचं माडगं.

गावातल्या बाकी घरांसारखीच या खोल्यांनाही दारं नव्हती. नुसती चौकट, तिच्यावर पडदा, आणि कुत्री-मांजरं शिरू नयेत म्हणून खाली आडवी लावायची एक फळी. देव राखतोय, तिथं कडी-कुलूप लावायचं नाही, ही गावाची रीत. नवा पाहुणा बिचकायचा. मग मालनबाई त्याला सांगायच्या, पाकीट उशाशी ठेवा नाहीतर अंगणात ठेवा, सकाळी जिथल्या तिथं सापडेल. आणि तसं ते सापडायचं.

खोल्या बांधल्या त्यांच्या यजमानांनी, ज्ञानेश्वरांनी. बांधून झाल्यावर परगावच्या पाहुण्यांनी टुमणं लावलं, की दागदागिने ठेवायला काहीतरी कुलपाचं पाहिजे. ज्ञानेश्वर भिडस्त माणूस. त्यांनी नगरहून एक लोखंडी कपाट आणलं आणि माजघरात ठेवलं. त्याच वर्षी घोडेगावच्या रस्त्यावर त्यांची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली. मालनबाईंना तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण भेटायला येणाऱ्या बायकांची नजर त्या कपाटाकडं जायची आणि लगेच दुसरीकडं वळायची. तेरावं झाल्यावर मालनबाईंनी स्वतः ते कपाट भंगारवाल्याच्या गाडीवर चढवून दिलं. नवऱ्याला त्या कुलपानं नेलं, हे त्यांच्या मनानं तेव्हाच घेतलं होतं.

मुलगा गोरक्ष तेव्हा शाळेत होता. थोरले दीर रंगनाथ यांनी सुचवलं, की खोल्या कुणाला तरी चालवायला देऊन टाक, बाईमाणसानं परक्या लोकांची ऊठबस करणं बरं दिसत नाही. मालनबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोनईच्या बाजारातून मोठी पातेली आणली. सुरुवातीला लोक बोलले. मग जेवायला येणाऱ्यांत बोलणाऱ्यांचेच पाहुणे असायला लागले, तेव्हा थांबले. गोरक्ष मोठा झाला, त्यानं वाहनतळाजवळ तेल, काळं कापड आणि रुईच्या माळांचं दुकान टाकलं. मोनिका सून म्हणून आली, तिला मुलगी झाली. घर चाललं होतं.

बायकांना शनिदेवाच्या चौथऱ्यावर जायला मोकळीक मिळाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी राजेश्वरी तिथं राहायला आली. मूळची कर्जतकडची, तिशीच्या आतबाहेरची, सोनईतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. सोनईतच खोली मिळाली असती, पण तिनं शिंगणापूर निवडलं होतं. जिथं चोरसुद्धा आत पाऊल टाकायला घाबरतो त्या गावात आपल्याला कोण काय करणार, असं तिला वाटलं होतं. हे तिनं मालनबाईंना पुष्कळ नंतर सांगितलं.

तिनं अंगणाच्या टोकाची खोली घेतली. एका पडद्यावर दुसरा पडदा लावला. रोज झोपताना ती फळीवर स्टीलचे डबे आणि तांब्या रचून ठेवायची, कुणाचा धक्का लागला तर खणखणाट व्हावा म्हणून. सकाळी ती डबे उतरवायची तो आवाज मालनबाई चुलीपाशी बसून ऐकायच्या. काही दिवस त्यांनी विचारलं नाही. मग एकदा भाकरी वाढता वाढता विचारलं, पोरी, तुला मांजराची भीती वाटती का मानसाची?

राजेश्वरीनं सांगितलं ते असं. नवरा हर्षल ट्रॅक्टर विकणाऱ्या एका दुकानात कामाला. बोलायला गोड, दारू नाही, पान-तंबाखू नाही. लग्नानंतर वर्षभरात त्यानं तिला मारायला सुरुवात केली. दिसेल असं कुठं मारायचा नाही. एकदा त्यानं तिचं डोकं पाण्याच्या पिंपात दाबून धरलं, आणि सोडल्यावर टॉवेलनं तिचे केस पुसून दिले. त्या दिवशी ती निघाली. माहेरच्यांनी दोनदा समजूत घालून परत पाठवलं होतं, म्हणून या वेळी ती माहेरी गेलीच नाही. घटस्फोटाचा दावा टाकला होता. तो तिला शोधत होता.

मालनबाईंनी सगळं ऐकलं आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्या दिवसापासून राजेश्वरी त्यांना मावशी म्हणायला लागली.

हर्षलला पत्ता कुणाकडून कळला, तर गोरक्षकडून. त्यात गोरक्षच्या मनात काही वाईट नव्हतं. एका शनिवारी एक गोरा, नीटनेटका माणूस दुकानात आला, तेल आणि माळ घेतली, भाव केला नाही, गप्पा मारल्या. बायको रागावून निघून आलीय, इथंच कुठं राहते म्हणे, तिची माफी मागायचीय, असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोरक्षला ते खरं वाटलं. त्यानं घर दाखवलं.

राजेश्वरी कामावर गेली होती. मालनबाई गिरणीतून परत आल्या तेव्हा हर्षल तिच्या खोलीत, तिच्या खाटेवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. मालनबाईंना बघून तो उठला, वाकून पाया पडला.

"मावशी, मी चोर नाही," तो हसून म्हणाला. "बघा, काही घेतलं नाही. उलट आवरून ठेवलंय."

त्यानं जाताना पेढ्यांचा पुडा ठेवला. खरोखरच काही गेलं नव्हतं. मालनबाईंना राग कशाचा आलाय ते नेमकं सांगता येईना. संध्याकाळी राजेश्वरी आली, तिनं खाटेवरची सरळ केलेली चादर आणि कपड्यांच्या घड्या बघितल्या, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मालनबाईंकडं दार मागितलं. साधं, आतून कडी असलेलं.

मालनबाई नाही म्हणाल्या. त्यांनी तिला कपाटाची गोष्ट सांगितली, सगळी सांगितली. तू माझ्या खोलीत झोप, मी तुला एकटी सोडणार नाही, असंही सांगितलं. राजेश्वरीनं मान डोलावली. तिनं पुन्हा मागितलं नाही. मालनबाईंना वाटलं होतं ती हट्ट धरेल, रडेल. तिनं तसं काहीच केलं नाही, आणि त्यामुळंच त्यांचं मन खात राहिलं.

दोघींनी पोलिसांत जाऊन तक्रार दिली. पोलिसांनी हर्षलला बोलावलं, दम दिला, पुन्हा इथं दिसणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं. काही आठवडे तो दिसला नाही. राजेश्वरी मालनबाईंच्या शेजारी झोपायची. पण तिची पाळी बदलती असायची. कधी ती सकाळी परतून दुपारभर झोपायची आणि तेव्हा घरात यात्रेकरूंची वर्दळ असायची. मग ती आपल्या खोलीतच पडायची. अशा वेळी मालनबाई तिच्या चौकटीत बाहेरून खाट आडवी टाकायच्या आणि तिच्यावर बसून धान्य निवडायच्या, भाजी चिरायच्या. पाहुण्यांना गंमत वाटायची, की मालकीणबाई पहाऱ्याला बसल्यात.

शनी अमावास्येच्या दिवशी तो आला. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. मालनबाईंच्या अंगणात लोक ओल्या कपड्यांनी फिरत होते, मुलं रडत होती, मोनिका चहाचं आधण उतरवत होती. राजेश्वरी आत झोपली होती. हर्षल सरळ अंगणातून चालत आला आणि खाटेपुढं उभा राहिला.

"मावशी, सरका. घरच्या माणसाला घरी न्यायचंय."

"तिला यायचं न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

"ते तिला विचारतो की."

मालनबाई उठल्या नाहीत. त्यांनी निवडायचं ताट बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या. हर्षलनं एकदा मागं वळून लोकांकडं बघितलं, ओशाळल्यासारखं हसला, आणि वाकून खाटेची एक बाजू उचलली. मालनबाई फरशीवर पडल्या तेव्हा मनगट त्यांच्या अंगाखाली आलं. हाड मोडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. तोवर तो आत गेला होता आणि राजेश्वरीला दंडाला धरून, केसांना धरून बाहेर ओढत होता. ती ओरडत नव्हती. चौकटीला तिनं एका हातानं धरलं होतं, ती बोटं तो एकेक करून सोडवत होता.

अंगणात पन्नासेक माणसं होती. ती बघत राहिली. कुणी तरी विचारलं, काय झालं, आणि हर्षलनं शांतपणे उत्तर दिलं, की काही नाही, बायको आहे माझी, डोक्यावर परिणाम झालाय, दवाखान्यात न्यायचंय. लोकांनी त्याला वाट करून दिली.

तिथं मोनिका शहाणपणानं वागली. ती पडवीत गेली, त्यानं तिथं लावलेल्या मोटारसायकलीची किल्ली काढली आणि मोरीच्या जाळीतून खाली टाकून दिली. मग मुलीला कडेवर घेऊन ती फाटकात आडवी उभी राहिली आणि शेजाऱ्यांना एकेकाला नावानं हाका मारायला लागली. नाव घेऊन हाक मारल्यावर माणसाला बघत उभं राहता येत नाही. शेजारचे आले. गाडी चालू होईना, हर्षल गडबडला, आणि लोकांनी त्याला धरला.

त्याला अटक झाली. पुढच्या महिन्यात तो जामिनावर सुटला.

मालनबाईंच्या हाताला प्लॅस्टर होतं. पोळपाटासमोर बसून त्या मोनिकाला सांगायच्या आणि मोनिका करायची. राजेश्वरीनं सामान बांधायला घेतलं होतं. माझ्यामुळं तुमच्यावर हे आलं, मी नाशिककडं बघते कुठं तरी, असं म्हणत होती. मालनबाईंनी तिला विचारलं, की तिथं तो येणार नाही का. राजेश्वरीनं हातातली पिशवी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी व्हायच्या आत मालनबाई देवाला गेल्या. त्या चौथऱ्यावर कधी चढल्या नव्हत्या, त्या दिवशीही चढल्या नाहीत. खाली उभ्या राहून त्यांनी मनातल्या मनात सांगितलं, की चोर आला असता तर मी तुझ्यावर सोडलं असतं. आजवर सोडलंच होतं. पण हा चोर नाही, आणि तू त्याला चौकटीत अडवला नाहीस. मी काय करणार आहे ते तुला सांगून करतेय, लपूनछपून नाही. काय द्यायची ती शिक्षा मला दे, पोराला देऊ नको. त्यांनी बराच वेळ वाट बघितली. तेलाच्या धारा पडत होत्या, माणसं येत-जात होती. कौल मिळाला असं त्यांना वाटलं नाही, आणि मिळाला नाही असंही वाटलं नाही.

तिथून त्या सोनईला भिमाजी सुताराकडं गेल्या. भिमाजीनं माप विचारलं, लाकूड विचारलं, आणि गाव कळल्यावर पेन्सिल कानावर परत ठेवली. शिंगणापुरात मी दार बसवणार नाही, त्यानं सांगितलं. बनवून देतो, टेम्पोत घालून देतो, पण बसवायला मला बोलावू नका, मला पोरंबाळं आहेत. मालनबाईंना त्याचा राग आला नाही. कालपर्यंत त्यांनीही हेच म्हटलं असतं.

बातमी दारापेक्षा आधी गावात पोचली. संध्याकाळी रंगनाथ आले. सत्तरीचा, शांत बोलणारा माणूस. ज्ञानेश्वर गेल्यापासून या घराला त्यांनी कधी अंतर दिलं नव्हतं. त्यांनी आधी हाताची चौकशी केली, मग चहा घेतला.

"मालन, राखणीला मी दोन गडी देतो," ते म्हणाले. "दिवसा एक, रातच्याला एक. दार नगं."

"गडी किती दिस बसत्याल, भाऊजी? आन् त्या पोरीला गड्यांची भीती वाटनार न्हाई कशावरून?"

"ज्ञानाचं काय झालं, इसरलीस?"

"न्हाई इसरले. रोज आठवतं."

रंगनाथ म्हणाले, गावानं ही रीत पिढ्यान् पिढ्या पाळली, ती एका बाईसाठी मोडायची का?

"भाऊजी, देव चोराला धरतो. ह्यो म्हनतो, मी चोर न्हाई, माझंच हाय ते न्यायला आलोय. आन् आपल्या अंगनातल्या मानसांनी त्येला वाट दिली. मी पडले हुते, मी खालनं बगत हुते. देवानं चोरापासनं राखायचं कबूल केलंय. नवऱ्यापासनं राखायचं कुनीच कबूल केलेलं न्हाई."

रंगनाथांनी कप खाली ठेवला. तुला जे दिसतं ते कर, मी अडवायला येणार नाही, पण त्या दिवसापासून मी या घरात पाणी पिणार नाही, असं म्हणून ते गेले.

गोरक्ष हे सगळं पडवीतून ऐकत होता. तो आईशी भांडला नाही. त्यानं एकच वाक्य म्हटलं.

"आई, मी रोज त्याच रस्त्यानं माल आणायला जातो."

मालनबाईंना त्या रात्री झोप लागली नसणार. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, पण सकाळी त्यांचा चेहरा बघून मोनिका म्हणाली, की आई, राहू दे का? मालनबाई म्हणाल्या, टेम्पो आला का बघ.

दार तिघींनी बसवलं. राजेश्वरीनं आणि मोनिकानं ते उभं धरलं, मालनबाईंनी एका हातानं बिजागऱ्यांच्या जागा दाखवल्या, स्क्रू मोनिकानं पिळले. दार थोडं तिरकं बसलं, खाली घासायचं. शेजारपाजारच्या बायका आपापल्या ओट्यावरून बघत होत्या. कुणी जवळ आलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. राजेश्वरीनं आत जाऊन कडी लावली, काढली, पुन्हा लावली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. मोनिका दारावर थाप मारणार होती. मालनबाईंनी तिचा हात धरला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गोरक्ष घरात जेवेना, दुकानावरच काहीतरी खायचा. नेहमीची यात्रेकरू कुटुंबं अंगणात यायची, दार बघायची, आणि काही न बोलता दुसरीकडं जायची. काही जण मुद्दाम फोटो काढायला यायचे, ते मालनबाईंना जास्त लागायचं. शनिवारी त्या तेल घेऊन देवाला जायच्या तेव्हा ओळखीच्या बायका बाजूला सरकायच्या. गोरक्षची गाडी फाटकातून बाहेर पडली की तो परत येईपर्यंत त्यांच्या हातातलं काम हातातच राहायचं.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि एका संध्याकाळी फोन आला. घोडेगावच्या रस्त्यावर, दिवे नसलेल्या ट्रॉलीला चुकवताना गोरक्षची गाडी घसरली होती. तो जिवंत होता. पायाचा चुरा झाला होता, नगरला हलवलं होतं. मालनबाई आणि मोनिका जीपमधून नगरला गेल्या. रंगनाथही बरोबर होते.  रस्ताभर मालनबाई मनात म्हणत होत्या, पुन्हा पुन्हा. मला दे म्हटलं होतं, पोराला देऊ नको म्हटलं होतं.

गोरक्षच्या पायात सळई घातली. डॉक्टरांनी सांगितलं, पाय राहील, पण लंगडेल. तो शुद्धीवर आला तसं मालनबाईंनी रंगनाथांना म्हटलं, की मी घरी जाऊन येते, दार काढते. रंगनाथ म्हणाले, मी चालतो तुझ्याबरोबर. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता, त्यांनाही पोराची काळजी होती.

दोघं शिंगणापुरात पोचले तेव्हा अंगणात गर्दी होती. मालनबाईंना वाटलं, आणखी काय. टोकाच्या खोलीचं दार बंद होतं. त्याच्या खालच्या फळीला तडा गेला होता आणि त्यावर चिखलाच्या बुटाचे ठसे होते. एक बिजागरी निम्मी उपसली होती.

शेजाऱ्यांनी सांगितलं. गोरक्षच्या अपघाताची बातमी पंचक्रोशीत झाली होती. सगळे नगरला गेलेत आणि राजेश्वरी एकटी आहे, हे हर्षलला कुठून तरी कळलं. तो सकाळी आला. या वेळी त्यानं पेढे आणले नव्हते, खिशात चाकू होता. पडदे असते तर दोन पावलांत आत गेला असता. त्यानं दाराला लाथा घातल्या, खांदा लावला, आणि त्या धडधडाटानं आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर आली. अमावास्येला जे बघत राहिले होते त्यांतलेच तिघं-चौघं काठ्या घेऊन आले. पोलीस त्याला घेऊन गेले होते. राजेश्वरी अजून आत होती. तिनं कडी काढली नव्हती.

मालनबाई दारापाशी गेल्या. "राजेश्वरी, मी हाय," त्या म्हणाल्या.

आतून डबे सरकवल्याचा आवाज आला. मग कडी सरकली.

दार काढायचं म्हणून आलेले रंगनाथ त्या तडा गेलेल्या फळीवरून हात फिरवत उभे राहिले. त्यांनी निघताना पाणी मागितलं नाही. पण राजेश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला.

मालनबाईंना काय करावं ते कळेना. एकाच दाराकडं बघून एक जीव वाचलाय हे दिसत होतं, आणि नगरच्या खाटेवर पडलेला मुलगाही दिसत होता. देवानं शिक्षा दिली म्हणावं तर गोरक्ष जिवंत होता, माफ केलं म्हणावं तर त्याचा पाय कायमचा अधू झाला होता. स्क्रू काढायचा पेचकस घेऊन त्या पायरीवर बसून राहिल्या, आणि मग तो पेचकस जागेवर ठेवून नगरच्या गाडीत बसल्या.

गोरक्ष जागा होता. फोनवर कळलेलं सगळं मोनिकानं त्याला सांगितलं होतं.

"तो आल्ता म्हणं," तो म्हणाला.

"व्हय."

"दार?"

"टिकलं."

त्या माणसाला घर आपणच दाखवलं होतं, हे गोरक्ष विसरला नव्हता, आणि मालनबाईंनी ते त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याच्या पायात कळ आली, ती ओसरेपर्यंत तो थांबला.

"मग राहू दे," तो म्हणाला. "नीट बसवून घे तेवढं. घासतंय ते."

दार नीट करायला पुढं भिमाजी स्वतः आला. बिनबोभाट आला, बिजागऱ्या बदलल्या, फळी बदलली, आणि जेवायला न थांबता गेला.

हर्षलला शिक्षा झाली, पण राजेश्वरी जिला पुरेशी म्हणाली नसती एवढीच. घटस्फोटाचा दावा तिच्या बाजूनं लागला. ती आणखी दोन वर्षं तिथंच राहिली, मग नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली तशी गेली. दिवाळीला फोन करते. गोरक्ष लंगडत चालतो, दुकान चालवतो. रंगनाथ अजून येतात, पडवीत बसतात, पण या घरचा चहा किंवा पाणी घेत नाहीत. गावात काही घरांचं बोलणं पूर्ववत झालं, काहींचं झालं नाही. मालनबाई दर शनिवारी तेल घेऊन जातात. बाकी खोल्यांना अजूनही पडदेच आहेत, तिथं दार लावायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात भर दुपारी गोरक्ष दुकान बंद करून घरी आला. बरोबर एक बाई होती, कडेवर पोर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. बसमधून उतरून ती दुकानापाशी नुसतीच उभी राहिली होती, काही विकत घेत नव्हती, देवाकडंही जात नव्हती. गोरक्षनं तिला काही विचारलं नव्हतं.

"आई, टोकाची खोली रिकामी हाय का?" त्यानं विचारलं.

होती. मालनबाईंनी तिला खोली दाखवली, कडी लावून दाखवली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, कपाटाचं, यजमानांचं, गोरक्षच्या पायाचं, काही लपवलं नाही. या गावात हे दार कुणाला आवडत नाही, तेव्हा राहायचं तर हे माहीत असून राहा, असं म्हणाल्या.

बाईनं दाराला हात लावून बघितला. "तुम्हाला भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"वाटती की," मालनबाई म्हणाल्या, आणि पोराला गाईचं दूध सोसतं का म्हशीचं, ते विचारायला लागल्या.